पाणी सोडण्यात आले

९ जानेवारी

भावजी,

पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सर्व क्षेम आहे’ असं लिहायचं मीच तुम्हाला शिकवलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्ही तिसरीत होता आणि ‘क्षेम’मधला क्ष तुम्हाला काही केल्या जमत नव्हता. आज ते वाक्य मी गाळते आहे. खोटं लिहायचा मला कंटाळा आहे, आणि त्या कामाला कंपनीनं तुम्हाला नेमलेलं आहेच.

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज वाचता, ते निळ्या खुणांवरून कळतं, आणि गप्प बसता. पत्राचं बरं असतं. तुम्ही वाचलंत की फाडलंत ते मला दिसत नाही, त्यामुळे वाचलंत असं धरून पुढे लिहिता येतं.

तुमच्या दादांना परवा घरी आणलं. उजवं मूत्रपिंड काढून टाकलं. गाठ लिंबाएवढी असेल असं आधी म्हणाले होते. काढल्यावर केवढी निघाली ते मी विचारलं नाही. शुद्धीवर आल्या आल्या ह्यांचं पहिलं वाक्य काय, तर ‘धाकट्याला कळवू नकोस, त्याला रजा मिळत नाही.’ मी म्हटलं, ‘कळवलंय, आणि खरंच मिळाली नाही.’ हसले. ताज्या टाक्यांच्या माणसाला हसवू नये, पण माझी जीभ तुम्हाला माहीत आहे.

रजा मिळाली नाही, मान्य. पण त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या सभागृहात भाषण करायला गाडी मिळाली, चालक मिळाला, छापील पत्रकांचा गठ्ठा मिळाला. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तुम्ही तिकडे आला नाहीत, म्हणून मी इकडे आले. मागच्या बाकावर, खांबाच्या आड बसले होते. ज्या शाळेत उभी हयात खडू झिजवला तिथे लपून बसायची वेळ आली.

मंचावर रुबाबदार दिसत होता. प्रश्नांची वेळ आली तेव्हा शिंपीणकाकू उभ्या राहिल्या. त्यांचा गळा पाहिलात ना? थायरॉइडची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही. सगळं सभागृह गप्प झालं तेव्हा कुठे ऐकू आलं.

‘साहेब, बाकीचं राहू द्या. नळाचं पाणी प्यायचं की नाही, एवढं एका शब्दात सांगा.’

तुम्ही एका शब्दात सांगितलं नाहीत. म्हणालात, ‘काकू, मी याच गल्लीत, याच पाण्यावर वाढलो. माझ्याकडे बघा. मी आजारी दिसतो का?’

लोक हसले. टाळ्याही पडल्या. आपलाच पोरगा, आपल्याशी कशाला खोटं बोलेल, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. परका साहेब आला असता तर त्याला लोकांनी धारेवर धरलं असतं. कंपनी शहाणी आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण तिला कोणी शिकवली कोण जाणे.

तुमचं पत्रक घरी आणून वाचलं. सवय जात नाही, लाल पेन घेऊनच वाचलं. ‘प्रक्रिया केलेले पाणी ओढ्यात सोडण्यात आले. विहिरींमध्ये काही घटक अल्प प्रमाणात आढळून आले. नागरिकांनी घाबरून जाऊ नये, असे आवाहन करण्यात येत आहे.’ शुद्धलेखनाची एकही चूक नाही, शाबास. फक्त एका वाक्यातही कर्ता नाही. पाणी सोडण्यात आले. कोणी सोडलं, भावजी? आपलं आपण सुटलं का? चौथीच्या परीक्षेत असा कर्ता खाल्ला असतात तर मी अर्धा गुण कापला असता.

आमच्यावर मात्र पाणी कोणी सोडलं ते मला माहीत आहे. तिथे कर्ता स्पष्ट आहे.

दादांना भेटून जा. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.

तुमची वहिनी

२ मार्च

भावजी,

तुम्ही आला नाहीत. फळांची टोपली आली, वर कंपनीचं चिन्ह असलेली फीत. ह्यांनी ती फीत सोडवून, नीट गुंडाळून कपाटात ठेवली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ते चिन्ह दिसलं की ह्यांची पाठ ताठ होते.

शाळेत रक्ततपासणी झाली. सरकारकडून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, बोलायला साध्या, पण टाळाटाळ न करणाऱ्या. अहवाल घ्यायला मी आणि हे बरोबरच गेलो. त्यांनी कागद ह्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, ‘तुम्ही कारखान्यात कुठल्या विभागात होता?’

‘लेपखात्यात,’ हे म्हणाले. ‘तव्यांना, कढयांना तो न चिकटणारा लेप देतात ना, तिथे. पुढे पाणी न शोषणारं कापड आलं, तेही आमच्याकडेच.’

‘लेप कशात कालवायचे?’

‘साबण म्हणायचो आम्ही त्याला. खरं नाव कोणाला ठाऊक? फेस यायचा म्हणून साबण. पांढरी भुकटी. पिंपात टाकून ढवळायची. हातमोजे असायचे, पण ते घालून झाकण उघडत नाही.’ आणि हसून म्हणाले, ‘बाई, हात इतके स्वच्छ निघायचे की घरी येऊन धुवायला नकोत.’

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे द्रव्य मोडत नाही. उन्हानं नाही, पावसानं नाही, मातीत नाही. ओढ्यात गेलं की विहिरीत येतं, विहिरीतून नळाला, नळातून माणसात. अंगात गेलं की रक्तात राहतं, वर्षानुवर्षं, थोडं थोडं उतरतं तोवर आपण वरून आणखी पितो. ह्यांच्या रक्तात ते इतकं होतं की बाईंनी नमुना पुन्हा तपासून घेतला होता. कोणाला त्रास होईल, कोणाला नाही, हे सांगता येत नाही म्हणाल्या. मूत्रपिंडाचा कर्करोग, थायरॉइड, गरोदर बायकांचा रक्तदाब, यांच्याशी त्याचा संबंध पुन्हा पुन्हा दिसून आलाय एवढं मात्र खरं.

मी म्हटलं, ‘मी तर आयुष्यभर पाणी उकळून गाळलंय.’

‘उकळून हे जात नाही,’ बाई म्हणाल्या. ‘पाणी आटतं, ते मागे राहतं.’

म्हणजे मी रोज सकाळी पातेलं चढवून ते आटवत होते. माझी सासू मला आळशी म्हणायची. आळशी असते तर बरं झालं असतं. माझ्या अहवालात काय होतं ते लिहायचं काही कारण नाही, तुम्ही विचारलेलंही नाही.

आता मुद्द्यावर येते. परतताना रिक्षात मी जारांचा विचार करत होते.

दोन उन्हाळ्यांमागे तुम्ही घरी पिण्याच्या पाण्याचे मोठे जार पाठवायला सुरुवात केलीत. दर सोमवारी एक छोटा टेम्पो येतो, दोन जार ठेवतो, रिकामे नेतो. तुम्ही ह्यांना फोनवर म्हणाला होतात, ‘दादा, तुझं पोट नाजूक आहे, हेच पीत जा. वहिनीलाही दे.’ ह्यांनी गल्लीभर सांगितलं, धाकटा माझ्यासाठी पाणी विकत घेतो. शिंपीणकाकू म्हणाल्या होत्या, ‘भाऊ असावा तर असा.’

तेव्हा कुठली सूचना निघाली नव्हती. विहिरी कोणी तपासल्या नव्हत्या. आम्हाला ठाऊक नव्हतं, नगरपालिकेला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मग तुमचा टेम्पो कसा काय निघाला?

घरी आल्यावर ह्यांना हे बोलून दाखवलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पिंपात काहीतरी टाकलं होतं.

‘तो माझ्या पोटासाठी पाठवतो.’

‘तुमच्या पोटाला काय झालंय? दगड पचवाल.’

‘तू त्याच्यावर पहिल्यापासून डूख धरून आहेस.’

‘त्याचा डबा मी भरला, त्याला गिरवून मी घेतलं, त्याची लेक दहा वर्षांची होईपर्यंत मी वाढवली. असा डूख सगळ्यांच्या नशिबी येवो.’

त्यावर हे भिंतीकडे तोंड करून झोपले. मग बऱ्याच वेळानं, मी झोपले असं समजून, म्हणाले, ‘सांगायचं होतं रे.’ बोलले ते भिंतीशी. पण पत्ता तुमचा होता, म्हणून तुमच्याकडे पोचवते.

वहिनी

१७ जून

भावजी,

तुम्ही आलात. ते सगळ्यांनी पाहिलं, म्हणून नोंदवून ठेवते. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केलीत, कारण तिच्यावर कंपनीचं नाव होतं. तेवढी लाज उरली होती किंवा तेवढी भीती. दोन्हीतलं काय ते तुम्ही ठरवा.

शेवटचे दिवस कसे गेले ते तुम्ही दारात विचारलंत आणि मी म्हटलं, ‘बरे गेले.’ लोकांसमोर तेच म्हणतात. खरं असं की गाठ फुप्फुसात उतरली होती. ह्यांना उताणं झोपता यायचं नाही. मी पाठीला पाठ लावून बसायचे, म्हणजे ह्यांना टेकता येई. इतकी वर्षं संसार केला, पण इतका वेळ एकमेकांना टेकून कधी बसलो नव्हतो. बोलायचे ते सगळं लेपखात्याचंच. कोणता पंप कुरकुरायचा, कोण झाकणावर बसून डबा खायचा. तक्रार नाही. ‘चांगली नोकरी होती,’ म्हणायचे. मला वाटायचं हलवून सांगावं, अहो, त्या चांगल्या नोकरीनंच हे केलं. नाही सांगितलं. माणसाच्या हातातून शेवटची वस्तू कोण काढून घेईल?

लोक पांगल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मला वाटलं, आता तरी बोलाल. तुम्ही कट्ट्यावरचा जार पाहिलात, आणि पाहिला नाही असं केलंत. मग म्हणालात, ‘वहिनी, ती वकीलबाई गल्लीत फिरते आहे असं कळलं. दादाचं नाव त्या कागदांत यायला नको. त्याला आवडलं नसतं.’

मी काही बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल, दुःखात आहे. मी दुःखात नव्हते भावजी, मी तुमच्या वाक्याचं रूप बघत होते. ‘त्याला आवडलं नसतं.’ मेलेल्या माणसाला आवडनिवड नसते. तुम्हाला आवडलं नसतं. एवढं सरळ बोलला असतात तर कदाचित मी विचार केला असता.

तुम्ही जिना उतरून गेलात आणि मी चप्पल घालून वकीलबाईंकडे गेले. बाहेर ऊन रणरणत होतं. गल्लीतले सगळे कंपनीविरुद्धच्या दाव्यावर आधीच सह्या करून बसले होते, फक्त आमचं घर राहिलं होतं. धाकट्याच्या नोकरीवर गदा नको म्हणून ह्यांनी अडवून धरलं होतं. मी पहिली सही ह्यांच्या नावापुढे वारस म्हणून केली, दुसरी माझ्या नावापुढे.

जार पाठवणं बंद करा. नळाला आता कोळशाची मोठी गाळणी बसवली आहे, सरकारनं. तुमचा टेम्पो सोमवारी आला की शिंपीणकाकू खिडकी लावून घेतात. त्या मला काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

वहिनी

४ नोव्हेंबर

भावजी,

काल आपण एका खोलीत पाच तास होतो आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, म्हणून लिहिते.

लवादाच्या सुनावणीची खोली कोर्टासारखी असेल असं मला वाटलं होतं. निघाली एखाद्या बंद पडलेल्या बँकेसारखी: लोखंडी खुर्च्या, पंख्याचा खडखडाट. तुमच्या बाजूला चार वकील आणि पाण्याच्या बंद बाटल्या. आमच्या बाजूला वकीलबाई आणि शिंपीणकाकूंचा तांब्या. काकूंनी तो मुद्दाम आणला होता, आणि तुमच्या वकिलांसमोर मुद्दाम पाणी ओतून प्यायल्या. नव्या गाळणीचं होतं, पण तुमच्या वकिलांना काय ठाऊक? एक जण चक्क मागे सरकला. दिवसभरात तेवढंच हसलो.

तुमची साक्ष पहिली. तुमच्या वकिलानं विचारलं, मृत व्यक्तीला काही व्यसन होतं का. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, ‘दुर्दैवानं माझे बंधू वर्षानुवर्षं विड्या ओढत असत. मी लहानपणापासून पाहत आलो.’

हे खोटं नाही, हीच तर हुशारी. ओढत होते. आणि बिट्टी सहा महिन्यांची असताना तुम्ही दोघं तिला आमच्याकडे ठेवून मुख्य कचेरीत रुजू झालात, त्या दिवशी ह्यांनी विड्यांचं बंडल ओढ्यात फेकलं. का, तर ‘पोरीच्या अंगाला वास लागेल.’ त्यानंतर मरेपर्यंत एकही नाही. हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्याच लेकीसाठी सोडल्या होत्या. तुम्ही पहिलं वाक्य सांगितलंत आणि दुसरं गिळलंत.

मग मला उभं केलं. वकीलबाईंनी विचारलं, कंपनीला आधीपासून माहीत होतं असं तुम्हाला का वाटतं? मी जारांचं सांगितलं. कधी सुरू झाले, कोण पाठवत होतं, फोनवर काय म्हणालात. माझा आवाज चांगला लागला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचला असेल. अध्यक्षांनी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं, आता हा खाली बघेल. लहानपणी खोटं पकडलं गेलं की तुम्ही अंगठ्यानं जमीन उकरायचात.

तुम्ही सरळ बघितलंत. ‘तो माझा मोठा भाऊ होता, सर. त्यानं मला वाढवलं. त्याचं पोट नाजूक होतं. भावासाठी पाणी पाठवणं हा गुन्हा असेल तर मी गुन्हेगार आहे.’

आणि तुमचे डोळे भरले. खरोखर भरले, मी पाहिलं. ते अश्रू खोटे नव्हते, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. तुमचं दादांवर प्रेम होतं. एवढं होतं, की त्यांना वाचवायला टेम्पो पाठवलात. आणि एवढंच होतं, की शेजारच्या दारावर टकटक केली नाहीत. आता तेच प्रेम कंपनीच्या उपयोगी पडलं. अध्यक्षांनी लिहून घेतलं: कौटुंबिक जिव्हाळा.

मागे शिंपीणकाकू बसल्या होत्या. तुमच्या लहानपणी तुमच्या चड्ड्या त्यांनी शिवल्या आहेत. त्या त्यांच्या त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या, ‘आमची पोटं काय लोखंडाची होती का रे?’ कोणी ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंत. तुमच्या मानेवरून कळलं.

निकाल लागलेला नाही. पुढची तारीख फेब्रुवारीत. तोवर तरी मला कळवू नका की तुम्ही कसे आहात.

वहिनी

२८ डिसेंबर

भावजी,

मी कळवू नका म्हटलं आणि तुमचा फोन आला. वर्षभरात पहिला. पडद्यावर नाव पाहून आधी वाटलं, चुकून लागला असेल. आज जे बोललात ते तुम्ही नंतर ‘असं म्हणालोच नव्हतो’ म्हणाल, म्हणून लिहून ठेवते.

तुम्ही आधी हवापाण्याचं विचारलंत. मग म्हणालात, ‘बिट्टीला पाचवा महिना आहे.’

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बोटांवर महिने मोजायला लागले. तुम्हाला वाटलं फोन कट झाला.

‘ऐकताय ना वहिनी? तिचा रक्तदाब वाढतोय. तिची डॉक्टर विचारते, घराण्यात कोणाला काय आजार होते, लहानपण कुठे गेलं, पाणी कुठलं प्यायली. मला काही आठवत नाही. तुम्हाला सगळं ठाऊक असेल.’

‘तुम्हाला आठवत नाही?’

‘म्हणजे नीट आठवत नाही.’

‘नोव्हेंबरमध्ये तर विड्यांपासून सगळं आठवत होतं.’

तुम्ही म्हणालात, ‘वहिनी, ते वेगळं. ही माझी मुलगी आहे.’

भावजी, वर्षभर मी तुम्हाला टोचून टोचून लिहिलं. पण त्या एका वाक्याएवढं टोचणारं मला काही सुचलं नव्हतं. ते वेगळं. शिंपीणकाकूंचा गळा वेगळा. तुमच्या दादांचं फुप्फुस वेगळं. माझे तीन गर्भ टिकले नाहीत ते तर आणखी वेगळं. ते या पाण्यानं गेले असं मी कधी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही, कारण मला माहीत नाही. पण मला माहीत नाही याचं कारण कोणी तपासलं नाही, आणि तपासलं नाही याचं कारण ज्यांना ठाऊक होतं ते बोलले नाहीत.

तुम्ही म्हणालात, ‘मला सांगा, मी डॉक्टरला कळवतो. तिला मात्र सुनावणीबिनावणीचं काही कळू देऊ नका. आत्ता तिला ताण नको.’

मी म्हटलं, सांगेन, पण तिलाच. तुमच्यामार्फत नाही. तुमच्या हातून निघालेल्या वाक्यात काय गळेल याचा भरवसा नाही. तुम्ही चिडलात. म्हणालात, ‘तुम्ही माझ्यावरचा सूड पोरीवर काढताय.’

दहा वर्षं तिची वेणी मी घातली आहे. तुम्ही तिच्या केसांना शेवटचा हात कधी लावला होता? हे मी फोनवर बोलले नाही. फोन ठेवून दिला. आता लिहिते.

वहिनी

११ फेब्रुवारी

भावजी,

बिट्टी येऊन गेली. तुम्हाला ती मैत्रिणीकडे जाते असं सांगून निघाली होती. थाप मारताना तुमच्यासारखीच दिसत असेल, पण इथे आल्यावर तिनं एकही मारली नाही.

मी तिला म्हटलं होतं, इथे येऊ नकोस, मीच तुझ्याकडे येते. तर दारात उभी, पोटावर हात धरून, घामाघूम. मला आनंद व्हायचा सोडून पहिला विचार काय आला, तर हिला प्यायला काय देऊ? गाळणी बसली आहे, दर महिन्याला तपासणी होते, सगळं मला पाठ आहे. तरी पेला हातात घेऊन मी नळापाशी उभी राहिले आणि तोटी फिरवेना. ज्या पोरीला या घरात दोन्ही वेळा हातानं भरवलं तिला पेलाभर पाणी देता येईना. शेवटी तिनंच पिशवीतून आपली बाटली काढली. ‘काकू, राहू दे, आहे माझ्याकडे.’ समजूतदारपणे म्हणाली. तो समजूतदारपणा मला विषासारखा लागला.

तिला सगळं सांगितलं. आजार, गर्भ, लेपखातं, साबण, विहिरी. मी सांगत होते, ती टिपून घेत होती. मधे एकदा मला राहवलं नाही. ‘मीच पाजलं गं तुला. उकळून उकळून.’

तिनं मान वर केली. ‘तुला माहीत होतं?’

‘नाही.’

‘मग?’ एवढंच म्हणाली, आणि टिपण पुढे चालू.

सुनावणीचं मी आपणहून काढलं नाही. ते तिनंच विचारलं. ‘बाबा तिथे काय बोलले?’ मी म्हटलं, तुझा रक्तदाब वाढेल. ती म्हणाली, ‘तो तसाही वाढलेलाच आहे. सांग.’ मग सांगितलं. तुमच्या बाजूनंही सांगितलं, डोळे भरले होते तेही. विड्यांचं सांगितलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. तिला हे लहानपणापासून ठाऊक होतं; काकांनी माझ्यासाठी विडी सोडली असं ती वर्गात मिरवायची.

ती खिडकीबाहेर कारखान्याच्या भिंतीकडे बघत म्हणाली, ‘काकू, मी कॉलेजात गेले त्या वर्षी बाबांनी घरी गाळणी बसवली. कोळशाची, दोन टाक्यांची. आमच्या त्या शहरात तर पाण्याचा काही प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, एवढा खर्च कशाला? बाबा म्हणाले, असू दे, चांगली असते.’

भावजी, तिचं कॉलेज तुमच्या जारांच्या कितीतरी आधीचं. तेव्हा हे ठणठणीत होते, सायकलवरून बाजारात जायचे. माझी समजूत होती की तुम्हाला कळलं आणि तुम्ही आधी भावाला वाचवलंत. ती समजूतसुद्धा तुम्ही ठेवली नाहीत.

त्याच दुपारी ती डॉक्टरीणबाईंकडे रक्त देऊन आली. अहवाल काल आला. इथून जाऊन सोळा वर्षं झाली तरी तिच्या रक्तात ते आहे, मापात सांगण्याइतकं. बाळाला त्यातलं किती जाईल ते बाई सांगू शकल्या नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, बाळाची वाढ सध्या ठीक आहे, हे तुम्हाला बाप म्हणून कळवते. जाताना तिला माझ्या गोळ्यांचा डबा दिसला आणि ती त्यावरून माझ्याशी भांडली. त्याबद्दल तुम्हाला लिहायचं कारण नाही.

इथून ती परस्पर वकीलबाईंकडे गेली. मी तिला पाठवलं असं तुम्ही म्हणाल. नाही पाठवलं. थांबवलंही नाही. दारात उभी राहून म्हटलं, ‘तुझे वडील आहेत ते.’ ती म्हणाली, ‘माहीत आहे. म्हणूनच मला विचारायचंय.’

पुढच्या तारखेला तुमची उलटतपासणी आहे. त्याच्या आधी तिची साक्ष होईल. गाळणी कोणत्या वर्षी बसली एवढंच ती सांगणार आहे. उभं राहिलं की तिच्या पायांना सूज येते, म्हणून वकीलबाईंनी अध्यक्षांकडून तिच्यासाठी खुर्ची मागून घेतली आहे. साक्ष झाल्यावरही ती तिथेच बसणार आहे, तुमचं होईपर्यंत.

खोली तुम्ही पाहिलेली आहे. साक्षीदाराच्या समोर एकच जागा मोकळी आहे. खुर्ची तिथेच ठेवणार आहेत.

वहिनी